गड आणि गाव

साताऱ्यात बहुतेक कुठेही उभं राहून दक्षिणेकडे मान वळवली की अजिंक्यतारा दिसतो. सपाट माथा, त्याखाली काळ्या कातळाचा उभा पट्टा, मग झाडीचा उतार आणि उतार संपतो न संपतो तोच घरांच्या गच्च्या. इथल्या माणसाला तो बघायला मुद्दाम जावं लागत नाही. मंडईत निघालेली बाई, पोवई नाक्यावर ताटकळलेला कॉलेजचा पोरगा, सगळ्यांच्या नजरेच्या कडेला तो असतोच. जून लागला की गाव त्याच्याकडे जरा निरखून बघतं. ढग आधी यवतेश्वराच्या पठारावर येतात, मग किल्ल्यावर टेकतात. माथ्यावरचे मनोरे दिसेनासे झाले की गच्चीवरची वाळवणं उचलायची वेळ झाली.

मी मूळची सांगलीची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. आमच्याकडे डोंगर म्हणजे सहलीला जाण्याची गोष्ट. पावसाळ्यात आमची नजर खाली नदीकडे असायची आणि घरोघरी एकच प्रश्न असायचा, आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर? सासरी आल्यावर ती नजर वर वळली. माहेरी कृष्णा होती, इथे हा डोंगर. त्याच्याकडे रोज बघता बघता एक गोष्ट मनात पक्की होत गेली. गड आणि गाव या दोन वस्तू नव्हेत. गडाने गावाला वेळ मिळवून द्यायचा आणि गावाने गडाला दाणागोटा, माणूस आणि कारण पुरवायचं, असा त्यांचा व्यवहार असतो. हा व्यवहार जुळला तेव्हा सातारा उभा राहिला. तो तुटला तेव्हा नुसता तट काहीच वाचवू शकला नाही.

सह्याद्रीत गड बांधायला माणूस फार उशिरा आला. अर्धं काम सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच झालं होतं. लाव्हाचे थरावर थर निवत गेले. कठीण थर उभ्या कड्यासारखे तुटले, मऊ थर झिजून उतार झाले, त्यांवर माती धरली आणि झाडं आली. अजिंक्यताऱ्याचा काळा पट्टा हा असाच एक कठीण थर. तट घालायचा तर त्याच्या माथ्यावर, कातळाने सोडलेल्या फटी बुजवण्यापुरता. दगडही खालून वाहून आणायला नको. गडावर पाण्याचं टाकं खोदायचं आणि निघालेला दगड घडवून तटाला लावायचा. एकाच छिन्नीने तहानेची सोय व्हायची आणि शत्रूला अडवायचीही. जुन्या टाक्याच्या काठावर बसून आतल्या भिंतीवर हात फिरवला तर छिन्नीचे तिरपे घाव बोटांना लागतात. सगळे एकाच बाजूला झुकलेले. घाव घालणारा ज्या अंगाला उभा होता, ते अंग आठशे वर्षांनीही दगडात दिसतं.

हा गड शिलाहार राजा दुसरा भोज याने ११९०च्या सुमाराला बांधला, असं मानलं जातं. चंदन-वंदन, वैराटगड, पांडवगड अशा आसपासच्या गडांचं श्रेयही त्यालाच देतात. हे शिलाहार स्वतःला तगरपूरचे, म्हणजे आजच्या तेरचे अधिपती म्हणवत, विद्याधर जीमूतवाहनाशी नातं सांगत आणि ध्वजावर सोनेरी गरुड मिरवत. कोल्हापूरची महालक्ष्मी त्यांची कुलस्वामिनी. एका काळी कऱ्हाड त्यांचं ठाणं होतं. तिथल्या राजकन्येचा, चंद्रलेखेचा विवाह चालुक्य विक्रमादित्याशी झाला आणि काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या बिल्हण कवीने तिचं स्वयंवर आपल्या काव्यात रंगवलं. पुढे भोजाने पन्हाळ्याला राजधानी नेली आणि डोंगरामागून डोंगर तटबंद केले. तरी १२१२च्या सुमाराला देवगिरीच्या सिंघण यादवाने त्याचा पाडाव केला. राजा गेला, वंशाची सत्ता गेली. गड मात्र नवा धनी आला की त्याचे झाले. बहमनींचे झाले, आदिलशाहीचे झाले. बांधणाऱ्याशी एकनिष्ठ राहणं हा गडाचा स्वभावच नाही. वर जो राहतो आणि खालून ज्याला धान्य येतं, त्याचा तो.

इथे मला नेहमी चितोड आठवतो. भोसल्यांनी आपलं कूळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडलं, १६७४च्या राज्याभिषेकात ती वंशावळ मांडली गेली, म्हणून दोन्हीकडचे गड शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. चितोडचा डोंगर लांबरुंद. तेरा किलोमीटरच्या आसपास तटबंदी, आत तलाव, देवळं, राजवाडे, वस्ती. अख्खं राज्य तिथे गडावर राहत होतं. त्यामुळे गड पडणं म्हणजे सगळं संपणं. १३०३ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे आणि १५६८ मध्ये अकबरापुढे चितोड पडला तेव्हा केसरिया आणि जोहार झाले ते त्यामुळेच. वर राहिलेल्यांना मागे सरायला जागा उरली नव्हती. आमचा सह्याद्री वेगळा. इथे माथे अरुंद, पावसाळे दांडगे आणि एका गडावरून दुसरा दिसतो. अजिंक्यताऱ्यावरून सज्जनगड दिसतो, जरंडा दिसतो, हवा स्वच्छ असली तर चंदन-वंदनची जोडी दिसते. इथे गड हातचा गेला तर वाटाघाट करून शिबंदी उतरवायची, शेजारच्या डोंगरावर जायचं आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा दोर लावायचे. चितोडच्या शौर्यापुढे मान लववूनही मला ही आपली रीत जवळची वाटते. तिच्यात जगण्याची चिकाटी आहे.

तटाला दोन अंगं असतात हेही या गडाने फार लवकर शिकवलं. बाहेरच्याला अडवणारी भिंत आतल्यालाही अडवते. १५८० मध्ये विजापूरचा अली आदिलशहा मारला गेल्यावर त्याची बेगम चांदबिबी अल्पवयीन पुतण्याच्या नावाने कारभार पाहू लागली. किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला राजधानीतून उचलून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. पुढे अहमदनगरच्या तटावर उभी राहून मोगलांना थोपवणारी ती हीच बाई. इथल्या कड्यावरून तिने खालचं मोकळं खोरं रोज पाहिलं असेल. वेण्णा आणि कृष्णा जिथे भेटतात ती हिरवी पट्टी तेव्हाही अशीच असणार.

१६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला स्वराज्यात आणला. पुढे एकदा ज्वराने आजारी असताना महाराजांनी काही काळ इथे विश्रांती घेतली. इतक्या धावपळीच्या आयुष्यात थांबायचं ठिकाण म्हणून त्यांनी हा डोंगर निवडला, हे मला त्याच्या सगळ्या मानमरातबांत मोठं वाटतं. जिंजीहून परतलेल्या राजारामांनी १६९९च्या सुमाराला राजधानीच इथे आणली आणि मग औरंगजेबाची नजर इकडे वळली.

१६९९च्या डिसेंबरात बादशहा स्वतः साताऱ्याखाली आला. उत्तरेला करंजे गावाजवळ त्याचा तळ पडला. आज तिथे घरं, शाळा, दवाखाने आहेत. त्या वेळी तिथे तंबूंचं शहर उठलं होतं. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू होते आणि मोजकी शिबंदी. खाली तोफखाना, हत्ती, उंट, खजिना आणि उभा हिंदुस्थान ज्याला भीत होता तो ऐंशीच्या घरातला म्हातारा. हिवाळा गेला, उन्हाळा आला. तोफांनी कडा हलेना म्हणून बादशहाच्या तरबियतखान या सरदाराने कातळात भुयारं खणून सुरुंग ठासले. या मधल्या काळात, १७००च्या मार्चमध्ये, सिंहगडावर राजाराम महाराज वारले. वर लढणाऱ्यांचा राजा गेला होता आणि कोठारं रिकामी होत चालली होती, तरी दरवाजा उघडला नाही.

१३ एप्रिल १७००. पहिल्या सुरुंगाला बत्ती दिली आणि मंगळाईचा बुरूज उडाला. तटाचा ढिगारा आतल्या बाजूला कोसळला, त्याखाली गडावरची कितीतरी माणसं गाडली गेली. प्रयागजीही दबले. मंगळाई देवीच्या देवळाजवळ दगडमाती उपसून त्यांना जिवंत बाहेर काढलं, असं सांगतात. वरच्यांना हा देवीचाच कौल वाटला असेल. तेवढ्यात दुसरा सुरुंग उडाला. या वेळी तटाचा अवजड तुकडा बाहेर, खिंडाराकडे धावत सुटलेल्या मोगली फौजेवरच आला. दीड-दोन हजार माणूस एका क्षणात गेला. मेलेल्यांत दख्खनचेच पायदळवाले पुष्कळ. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की दगडांखालून आपल्या माणसांची प्रेतं काढता येईनात, तेव्हा त्यांच्या नातलगांनी वेढ्यासाठी उभारलेल्या लाकडी मोर्च्यांनाच रात्री आग लावली. बादशहाने महिनोन्महिने रचलेलं लाकूड त्या गोरगरीब शिपायांची चिता झालं. मी ही हकिकत वाचली तेव्हापासून मंगळाईच्या देवळाकडे गेले की तटाच्या दोन्ही बाजूंना हात जोडते. आतल्यांसाठी जोडते आणि बाहेरच्यांसाठीही. तेही कुणाच्या तरी घरी परत यायचे होते.

२१ एप्रिलला दाणागोटा संपला आणि गड दिला गेला. शहजादा आझमच्या नावावरून बादशहाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. जूनमध्ये परळीचा किल्ला, आपला सज्जनगड, त्याने घेतला आणि मग सह्याद्रीचा पाऊस सुरू झाला. परतीच्या वाटेवर नद्या अडवू लागल्या, जनावरं चिखलात रुतली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला माणदेशात खवासपूरजवळ माण नदीला रात्री अचानक पूर आला आणि छावणीत पाणी शिरलं. त्या गोंधळात औरंगजेबाचा गुडघा निखळला, तो पुढे आयुष्यभर लंगडत राहिला. एरवी कोरडी ठणठणीत असणारी ती नदी, माणदेशातल्या माणसाला विचारा, तिला पूर येणं म्हणजे काय. पुढच्या पाच-सहा वर्षांत पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असा एकेक गड बादशहा घेत गेला आणि त्याची पाठ वळली की मराठे एकेक परत घेत गेले. १७०६ पर्यंत, राजारामांमागे राज्य चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी ताराबाई यांच्या माणसांनी साताराही परत मिळवला आणि गड अजिंक्यतारा झाला. साडेचार महिने एका डोंगराने एका साम्राज्याला जागेवर बसवून ठेवलं, खायला घालायला लावलं, पैसा ओतायला लावलं. गडाचं काम तेवढंच असतं. गड पडला तरी ते काम झालेलं असतं.

मग आले संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज. १६८९ मध्ये आईबरोबर मोगलांच्या हाती लागलेलं सात वर्षांचं पोर १७०७ मध्ये पंचविशीत सुटून आलं. खेडच्या लढाईत ताराबाईंच्या फौजेला मागे सारून ते साताऱ्याला पोचले. गडावर परशुरामपंत प्रतिनिधी ताराबाईंच्या शब्दाला धरून बसले होते. शेख मिरा नावाच्या हवालदाराने पंतांना अटकेत टाकून दरवाजा उघडला आणि १२ जानेवारी १७०८ला शाहूंचा राज्याभिषेक झाला. इथून पुढचं त्यांचं वागणं मला या डोंगराच्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. गड हातात असताना ते कायमचे गडावर राहिले नाहीत. त्यांनी पायथ्याला शाहूनगर वसवलं. पेठा आखल्या, वाडे उठवले, व्यापारी, कारागीर आणले. ज्याचं बालपण आणि तारुण्य कनातींच्या आड, पहाऱ्यात गेलं त्याला उघड्यावर, माणसांत राहावंसं वाटलं असावं. मेवाडच्या उदयसिंहानेही चितोडच्या डोंगराचा भरवसा न धरता लांब तलावाकाठी १५५९ मध्ये उदयपूर वसवलं होतं. राजा गड उतरतो तेव्हा राज्याला दम आलेला असतो. शाहूंनी साताऱ्यात बसून कारभार केला आणि त्यांच्या सरदारांची घोडी नर्मदेपल्याड गेली. १७४९च्या डिसेंबरात ते वारले. माहुलीच्या संगमावर त्यांची समाधी आहे, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही. साध्या माणसाची आठवण लोक अशीच ठेवतात.

शाहूंच्या मागे गड पुन्हा आतल्या अंगाने वळला. ताराबाईंनी आपलाच नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजांना २४ नोव्हेंबर १७५०ला किल्ल्यावर अडकवून ठेवलं, कारण ते पेशव्यांविरुद्ध त्यांच्या मनासारखं वागेनात. छत्रपती वर कैदेत आणि दौलत पुण्यात. ताराबाईंबद्दल मला आदर वाटतो. पंचविशीतल्या विधवेने औरंगजेबासमोर सात वर्षं राज्य तगवलं, हे लहान काम नव्हे. पण त्याच बाईने उतारवयात हा तट आपल्याच घरच्यांविरुद्ध वापरला हेही खरं आहे, आणि दोन्ही गोष्टी मनात एकत्र ठेवाव्या लागतात. १७६१च्या डिसेंबरात त्या वारल्या आणि त्यांची समाधीही माहुलीलाच, शाहूंच्या जवळ झाली. आयुष्यभर एका गादीसाठी भांडलेले काकू-पुतणे आता एकाच संगमाच्या वाऱ्यात आहेत.

१८१८च्या फेब्रुवारीत इंग्रज आले आणि गड जवळजवळ न लढताच गेला. एप्रिलमध्ये त्यांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं. प्रतापसिंहांनी शाळा काढल्या, रस्ते केले, शहराच्या पाण्याकडे लक्ष दिलं. पण स्वतःच्या अधिकाराचा प्रश्न विचारू लागले तेव्हा १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आलं, तिथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या वतीने रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. १८४८ मध्ये पुढचे छत्रपती शहाजी तथा आप्पासाहेब निवर्तले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. या वेळी एकही सुरुंग उडाला नाही, एकही बुरूज ढासळला नाही. कातळ शाबूत, तट शाबूत, टाक्यांत पाणी. गडाकडून वेळ मागणारं कुणी उरलं नव्हतं.

माहेरी जाताना मी हा सगळा इतिहास नदीबरोबर खाली उतरताना पाहते. माहुलीला वेण्णा घेतलेली कृष्णा कऱ्हाडला कोयनेला भेटते, पुढे हरिपूरला वारणेला. तिच्या काठी चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेतून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली आणि गणेशदुर्ग बांधला. तो भुईकोट, भोवती खंदक. डोंगरच नव्हता तर करणार काय? १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि १९६०ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे खानापूर तालुक्यातला बाणूरचा भूपाळगड, बहिर्जी नाईकांची समाधी जिथे दाखवतात तो, एका काळी साताऱ्याचाच होता. माझ्या दोन्ही घरांच्या मधली रेघ कागदावर आहे. डोंगर आणि पाणी एकच आहेत.

आज अजिंक्यताऱ्यावर गाडीरस्ता जातो, तरी पहाटे सातारकर पायीच चढतात. निवृत्त मास्तर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या आज्या. महादरवाजाचे दोन भक्कम बुरूज आले की सगळ्यांची चाल आपोआप मंदावते. फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीला ठोकलेले आहेत. खालच्या फळ्या हातांनी, पाठींनी, टेकून बसणाऱ्यांनी गुळगुळीत झाल्या आहेत. आत देवड्यांच्या दगडावर कुणीतरी खिळ्याने बदाम काढून नावं कोरली आहेत. त्या पोरांचा राग येतो आणि वाईटही वाटतं. या दगडाशी आपलं काय नातं आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल. ते सांगणं आपलं काम होतं.

आपण गडावर भगवा लावतो, जयघोष करतो, फोटो काढतो. ते असावं. पण हा गड १७००च्या एप्रिलमध्ये उतरला तो शौर्य संपलं म्हणून नव्हे, कोठार आणि दारूगोळा संपला म्हणून. खालून वर येणारं बंद झालं म्हणून. आजही वरची तळी गाळाने भरतात, तटाच्या सांध्यांत पिंपळ मुळं घालतात, बाटल्या आणि पिशव्या पावसाच्या लोंढ्याबरोबर टाक्यांत उतरतात. ही नवी उपासमारच आहे आणि तिचा वेढा कुणा बादशहाने घातलेला नाही. काही मंडळी सुट्टीच्या दिवशी घमेली, फावडी घेऊन वर जातात, गाळ उपसतात, रोपटी मुळासकट काढतात, काढताना दगड हलू नये म्हणून जपतात. त्यांच्यातल्या एका पोराला मी विचारलं, इतकं कशासाठी? तो म्हणाला, "काकू, पाणी राहिलं तरच किल्ला राहतो. जुनी माणसं उगाच टाकी नव्हती खोदत."

त्याला गडाचं मर्म कळलं होतं. आठशे वर्षांत या डोंगराचे धनी किती बदलले, नावं किती बदलली. त्याची देखभाल मात्र प्रत्येक वेळी पायथ्याच्या माणसांनीच केली. चुना मळणारे, पखाली वाहणारे, दाणे पोचवणारे, दरवाजाशी रात्र काढणारे. आता ती पाळी आपली आहे. मे महिन्यात, वळीव यायच्या आधी, तळ्यांचे तळ उघडे पडतात आणि तेवढेच काही आठवडे गाळ काढता येतो. सातारकरांनो, त्या आठवड्यांत घरटी एक माणूस वर आला तरी पुरे आहे. घमेलं मी आणते.